महिनाअखेरीची गोळ्यांची उसनवारी

पत्र

आमचा वृद्धाश्रम सातारा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर आहे. ट्रस्टचा आहे. सध्या ३४ आजी-आजोबा आहेत, त्यांतले ९ जण अंथरुणावर. दिवसपाळीला एक सिस्टर, रात्रपाळीला एक, सहा मावशी आणि मी. डॉक्टर दर गुरुवारी येतात. औषधं तालुक्याच्या केमिस्टकडून उधारीवर येतात, काहींची नातेवाईक आणून देतात, आणि तीन माजी सैनिक आहेत, त्यांची ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून येतात.

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की रोज काहीतरी संपलेलं असतं. मग सिस्टर एका आजींची गोळी दुसऱ्या आजींना देतात आणि "नंतर परत करू" म्हणतात. गेल्या दिवाळीत पार्किन्सन झालेल्या एका आजोबांच्या गोळ्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री संपल्या, त्या भाऊबीज उलटल्यावर मिळाल्या. आजोबांना खुर्चीतून उठता येईना, घास गिळता येईना. त्यांच्या मुलीने आम्हाला जे ऐकवलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत अशी की नंतर कपाट आवरायला काढलं, तर मुदत संपलेल्या औषधांची दोन खोकी निघाली.

एक विश्वस्त म्हणतात, सदाशिव पेठेतून होलसेलमध्ये तीन-तीन महिन्यांचं एकदम उचलू, स्वस्त पडेल. दुसरे म्हणतात, सॉफ्टवेअर घेऊ. नातेवाईक म्हणतात, बिल जास्त येतं. वारलेल्या आजी-आजोबांची उरलेली औषधं दुसऱ्यांना दिली तर चालतं का, हाही प्रश्न आहे. मी नर्स नाही, साधी बी. ए. आहे. सुरुवात कुठून करू?

– एक व्यवस्थापिका

उत्तर

ताई,

टंचाई आणि ती दोन खोकी, दोन्ही एकाच सवयीतून आली आहेत. मागणी कशी जाते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक आश्रमांत जशी जाते तशीच तुमच्याकडेही जात असणार. गोळी संपली की सिस्टर रिकामी स्ट्रिप एका पिशवीत टाकतात, गावात जाणारा कुणीतरी ती पिशवी केमिस्टच्या काउंटरवर ओततो, आणि तो स्ट्रिपा पाहून पाहून तसाच माल देतो. म्हणजे तुमची मागणीची यादी कोण बनवतं? कचरा बनवतो.

रिकामी स्ट्रिप फक्त काय संपलं तेवढं सांगते. ते औषध डॉक्टरांनी मागच्या गुरुवारी बंद केलं, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून बंद झालेलं औषध पुन्हा येतं आणि खोक्यात जाऊन पडतं. नवीन सुरू झालेल्या औषधाची तर रिकामी स्ट्रिपच नसते, म्हणून ते येत नाही. शिवाय आपल्याकडे स्ट्रिप कधी १० ची, कधी १५ ची, थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली १०० ची, आणि महिना ३० नाहीतर ३१ दिवसांचा. प्रत्येकाची प्रत्येक गोळी वेगळ्या तारखेला संपणार. ३४ माणसं आणि माणशी पाच-सहा औषधं धरली, तर रोज काहीतरी संपणं हे अगदी गणिती सत्य आहे. त्यात सिस्टरांचा दोष नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात असं होत नाही, हे मी पैजेवर सांगते. तांदळाचा डबा खडखडाट झाल्यावर वाण्याला फोन करणारी स्वयंपाकीण तुम्ही चार दिवस ठेवणार नाही. ती डब्यात किती आहे, माणसं किती, वाण्याची गाडी कोणत्या वारी येते, हे पाहून चिठ्ठी काढते. औषधांच्या कपाटाला एवढंच हवं आहे. आणि हे काम नर्सचं नाही, मोजणाऱ्या माणसाचं आहे. तुम्ही बी. ए. आहात हे इथे फायद्याचंच आहे: गोळ्या देणारा हात सिस्टरांचा आणि मोजणारा हात तुमचा असेल, तर चूक आणि चोरी दोन्ही लवकर दिसतात. एकाच माणसाने द्यायच्या, त्यानेच मोजायच्या आणि त्यानेच मागवायच्या, अशी पद्धत कितीही प्रामाणिक माणूस असला तरी ठेवू नये.

सुरुवात मोजणीपासूनही करू नका. आधी प्रत्येकाचा तक्ता, म्हणजे कोणतं औषध, किती आणि केव्हा द्यायचं त्याची यादी, पक्का करा, कारण चुकीच्या यादीचा नीट मोजलेला साठा काही उपयोगाचा नाही. दोन गुरुवार डॉक्टरांचा तासभर जास्तीचा मागून घ्या. त्याआधी प्रत्येक आजी-आजोबांकडे असलेलं सगळं एका ट्रेमध्ये गोळा करा. सगळं म्हणजे कपाटातलं, उशाखालचं, पर्समधलं, मुलाने मागच्या भेटीत दिलेल्या पिशवीतलं, हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या वेळी आलेलं, ईसीएचएसमधलं. औषध तुमच्याकडे चार-पाच दारांनी आत येतं आणि एकाही दारावर नोंद नाही, ही खरी अडचण आहे.

ट्रे समोर आला की काही ठिकाणी तुमच्या लक्षात येईल की एकाच माणसाला एकच औषध दोन नावांनी चाललं आहे. टेल्मा ४० आणि टेल्मिकाइंड ४० ही नावं वेगळी, पण दोन्हींत टेल्मिसार्टनच. एक मुलीने आणलेली, एक केमिस्टने दिलेली, आणि आजींचं बीपी का उतरतंय म्हणून सगळे काळजीत. परदेशातल्या मुलांनी आणलेल्या बाटल्यांकडे तर खास पाहा. अमेरिकेत ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात, तेच आपलं पॅरासिटामॉल. टायलेनॉलची बाटली शेजारी आणि क्रोसिन चालूच, असं सहज होऊ शकतं.

म्हणून तक्त्यात आधी मूळ औषधाचं नाव लिहायचं, मग ताकद मिलीग्रॅममध्ये, मग कंसात ब्रँड. ब्रँडच्या शेपटाकडे दुर्लक्ष करू नका. टेल्मा, टेल्मा एच आणि टेल्मा एएम ही तीन वेगळी औषधं आहेत. एच म्हणजे सोबत लघवी वाढवणारं औषध, एएम म्हणजे सोबत ॲम्लोडिपिन. ग्लायकोमेट जीपी १ पेक्षा जीपी २ मध्ये साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड दुपटीने आहे. फोनवर "ग्लायकोमेट जीपी पाठवा" एवढंच सांगितलं आणि १ च्या जागी २ आली, तर पहाटे साखर उतरून आजोबा घामाघूम होतील आणि कुणाला कारण कळणार नाही. अर्धी गोळी असेल तर "अर्धी" अक्षरात लिहा, ०.५ असं लिहू नका. टिंब पुसलं की पाच होतात.

तुमच्याकडेच गोंधळ आहे असं वाटून घेऊ नका. इंग्लंडमध्ये ५५ वृद्धनिवासांतल्या २५६ जणांच्या औषधांची पाहणी झाली होती, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. माणशी सरासरी आठ औषधं होती, आणि दर दहांतल्या सात जणांच्या बाबतीत कुठली ना कुठली चूक सापडली. कुणाच्या चिठ्ठीत, कुणाला देताना, कुणाच्या तपासण्यांत. तिथे तर हे सगळं छापील तक्त्यांवर चालतं. २०१४ मध्ये त्यांनी वृद्धनिवासांतल्या औषधांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

तक्ता झाला की डॉक्टरांची सही घ्या आणि त्याच बैठकीत प्रत्येकाची चिठ्ठी नवीन करून घ्या. चिठ्ठीवर "दर महिन्याला, सहा महिने" असं त्यांच्या हातचं हवं. औषध नियम ६५ प्रमाणे डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. दुकानदार ओळखीने देतात ही गोष्ट वेगळी, पण एखाद्या दिवशी नवा मुलगा काउंटरवर असतो, तो देत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

आता मोजणी. महिन्याची पहिली तारीख घ्या. सकाळच्या गोळ्या देऊन झाल्या की तुम्ही आणि एक मावशी बसा. प्रत्येकाचा कप्पा उघडायचा, गोळ्या मोजायच्या, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात शिल्लक लिहायची. पहिल्यांदा पूर्ण दिवस जाईल, नंतर तीन तासांत उरकेल. औषधांचा महिना १० तारखेपासून १० तारखेपर्यंत धरा. पहिलीला मोजणी, चौथीपर्यंत केमिस्टकडे यादी, सातवीपर्यंत माल, आठवी-नववीला तपासून कप्प्यात. महिनाअखेर टाळण्याचं कारण साधं: नातेवाईकांचे पैसे आणि पेन्शन पहिल्या आठवड्यात येतात.

गणित असं. समजा जोशी आजींना मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आहे. एक जूनला मोजलं, तर पुढचा माल १० जुलैपर्यंत पुरायला हवा. १ जून ते ९ जुलै म्हणजे ३९ दिवस. त्यात राखीव ७ दिवस मिळवा: ४६ दिवस, दोन गोळ्यांप्रमाणे ९२. कप्प्यात निघाल्या ३८. मागवायच्या ५४. स्ट्रिप १० ची असेल तर सहा, १५ ची असेल तर चार. दोन्ही हिशेबांत ६० येतात. जास्तीच्या सहा पुढच्या मोजणीत आपोआप वजा होतील. ही वजाबाकी होत नाही म्हणूनच कपाटात खोकी साठतात. पातळ औषधांचं गणित मिलिलिटरमध्ये करा. बद्धकोष्ठासाठीचं लॅक्ट्युलोज रात्री १५ मिली असेल, तर २०० मिलीची बाटली १३ दिवस जाते. महिन्याला दोन नाही पुरत, तीन लागतात, आणि दुसरी बाटली नेमकी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी दगा देते. "लागेल तशी" घ्यायची औषधं या गणितात बसवू नका; त्यांची फक्त शिल्लक पाहा आणि एक न फोडलेली स्ट्रिप कायम असू द्या.

पहिल्या महिन्यात खरेदी वेडीवाकडी होईल. कुणाच्या पाच गोळ्या मागवाल, कुणाच्या ऐंशी, कारण सगळ्यांना एका तारखेवर आणायचं आहे. त्या एका बिलावर नातेवाईक कुरकुरतील. आधीच सांगून ठेवा.

राखीव साठा सगळ्यांना सारखा नको. तक्त्यावर काही औषधांसमोर लाल टिंब द्या: पार्किन्सनची, फिटची, रक्त पातळ ठेवणारी, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची, क्लोनिडिन, आणि इन्सुलिन. यांचा खंड चालत नाही. कॅल्शियमची गोळी चार दिवस चुकली तर आजींना कळणारही नाही. लेव्होडोपा ही पार्किन्सनची गोळी तीन-चार दिवस चुकली की काय होतं ते तुम्ही दिवाळीत पाहिलंच. क्लोनिडिन एकदम थांबलं की बीपी उसळतं, फिटची गोळी थांबली की थेट झटका येऊ शकतो, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक बंद झालं की माणूस कोसळू शकतो. लाल टिंबाला राखीव १४ दिवसांचं ठेवा. राखीव स्ट्रिपांना रबर लावून त्याच माणसाच्या कप्प्यात मागे ठेवायचं, आणि नियम असा की ज्या पाळीला रबर सुटलं, त्याच पाळीने तुम्हाला सांगायचं. नवीन माल आला की तो रबरात जातो आणि रबरातला जुना बाहेर वापरायला येतो, नाहीतर राखीवच मुदतबाह्य होईल.

लेव्होडोपाच्या बाबतीत अजून एक. ती वेळेला लागते. आठची गोळी साडेनऊला दिली तर मधला दीड तास आजोबा जागचे हलत नाहीत. साठ्याचा हा प्रश्न नाही, पण आला विषय म्हणून सांगितलं.

एवढं राखीव ठेवता, तर तीन महिन्यांचं का नको, असं तुमचे विश्वस्त विचारतील. त्यांना विचारा की गेल्या वर्षभरात किती जणांचे डोस बदलले. ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ करणारी गोळी आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला की २ मिलीग्रॅमवरून १ वर येते. लघवीच्या गोळ्या पायावरची सूज पाहून कमी-जास्त होतात. कुणी दवाखान्यात दाखल होतं आणि सगळी चिठ्ठी बदलून परत येतं. आणि या वयात माणसं जातात. होलसेलमध्ये वाचलेले पैसे तिसऱ्या खोक्यात जातील.

दुसरी गोष्ट कायद्याची. होलसेल परवाना हा ग्राहकाच्या चिठ्ठीवर औषध देण्यासाठी नसतो. आणि आश्रमाने स्वतःच्या नावाने साठा आणून त्यातून रहिवाशांना बिल लावलं, तर ती विक्री झाली, तिला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना आणि फार्मासिस्ट लागतो. तुमच्या कपाटातली प्रत्येक गोळी कुणाच्या तरी नावाच्या चिठ्ठीवर, त्याच्याच नावाच्या बिलाने आलेली असावी. आश्रम तिची राखण करतो, मालक तो माणूस. एवढं पाळलंत की बरेच प्रश्न सुटतात, वारलेल्यांच्या औषधांचाही.

स्वस्ताईचं म्हणाल, तर रस्ता दुसरा आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी यांची रोजची औषधं जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या मानाने निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. डॉक्टरांनी चिठ्ठी मूळ नावाने लिहिली पाहिजे, तीच चिठ्ठी तुमच्या नव्या तक्त्याशी जुळेल. फक्त दोन पथ्यं. एक म्हणजे तिथे एखादं औषध कधी शॉर्ट असतं, म्हणून लाल टिंबवाली औषधं नेहमीच्या केमिस्टकडेच ठेवा. दुसरं म्हणजे दर महिन्याला कंपनी बदलू नका. गोळीचा रंग बदलला की आजी ती जिभेखालून काढून खिडकीतून टाकतात, आणि थायरॉइड, फिट किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांत कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगूनच. तरीही बिल जास्त वाटतं म्हणणाऱ्या नातेवाइकाला त्याच्या आईच्या नावाचं वेगळं बिल आणि मोजणीचा कागद द्या. ३४ जणांचं एकत्र बिल करून ते भागायची पद्धत असेल, तर ती आजच बंद करा. वादाचं मूळ बहुधा तिथेच असतं.

केमिस्टशी एकदा समोरासमोर बसा. तो तुम्हाला उधार देतो, तुम्ही त्याचं मोठं गिऱ्हाईक आहात, दोघांची गरज आहे. त्याच्याकडून चार गोष्टी कबूल करून घ्या. प्रत्येकाचं औषध वेगळ्या पिशवीत, नावानिशी. बदली ब्रँड द्यायचा तर आधी फोन. काही शॉर्ट असेल तर यादी मिळाल्याच्या दिवशीच कळवायचं, माल पाठवताना नाही. आणि न कापलेल्या, मुदत बाकी असलेल्या स्ट्रिपा किती दिवसांत परत घेणार ते ठरवायचं. कापलेली स्ट्रिप कुणीच परत घेत नाही.

बदल्यात तुम्ही त्याला अडचणीत आणू नका. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. २०१४ पासून त्याला त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं, आणि ती तीन वर्षं सांभाळावी लागते. "सिस्टर म्हणाल्यात, पाठवून द्या" यावर तो देणार नाही. डॉक्टरांनी फोनवर लिहून दिलेली चिठ्ठीही या तिन्ही औषधांना चालत नाही; २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत तशी मनाई आहे. म्हणजे झोपेच्या गोळ्यांची शिल्लक गुरुवारच्या आधी, बुधवारी पाहायची. या गोळ्या कुलपात ठेवा आणि पाळी बदलताना दोन्ही सिस्टरांनी मिळून मोजून सही करा. मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि उद्या एखादी स्ट्रिप गायब झाली तर एखाद्या गरीब मावशीवर आळ येत नाही.

उसनवारीबद्दल मी थोडी कडक बोलते. ती बंद व्हायला हवी. एका आजींची गोळी दुसऱ्या आजींना दिली की टंचाई संपत नाही, तिचे दोन भाग होतात, आणि दुसरा भाग चार दिवसांनी निघतो. मोजणी खोटी ठरते. ताकद वेगळी असली तर अपाय होतो. आणि ज्यांच्या पैशाची गोळी होती त्यांना विचारलेलं नसतं. पण मला आश्रमांतल्या रात्री ठाऊक आहेत. रात्री दोनला आजोबांची फिटची गोळी संपलेली आहे आणि शेजारच्या कप्प्यात तीच, त्याच ताकदीची आहे, तर सिस्टरने नियम कवटाळून बसू नये. तेव्हा डॉक्टरांना फोन, त्यांनी हो म्हटलं तर गोळी द्यायची, वहीत दोन्ही नावं आणि डॉक्टरांशी बोलल्याची वेळ लिहायची, आणि सकाळी आश्रमाच्या खर्चाने परतफेड. राखीव साठा नीट असेल तर अशी वेळ फार क्वचित येईल. वारंवार आली, तर मोजणीत कुठेतरी चूक आहे असं समजा.

नातेवाइकांना दोनच पर्याय द्या आणि ते प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घाला. एक, आश्रम मागवेल, बिल तुम्ही भरा. दुसरा, तुम्ही आणा, पण आम्ही दिलेल्या यादीप्रमाणे आणि ७ तारखेपर्यंत. आठवीला औषध आलं नसेल तर आश्रम मागवणार आणि बिल पाठवणार, त्यावर चर्चा नाही. भेटीला येताना प्रेमाने आणलेली कुठलीही बाटली, आयुर्वेदिक काढा असो की प्रोटीन पावडर, आधी कार्यालयात. एखाद्या मुलाला राग येईल. येऊ द्या.

तिन्ही फौजी आजोबांची औषधं तुमच्या वेळापत्रकात बसणार नाहीत. ईसीएचएसमधून साधारण महिन्याचं मिळतं, तारीख त्यांची, कंपनीही दर खेपेला वेगळी. त्यांचा तक्ता वेगळ्या रंगाच्या कागदावर करा, त्यांच्या नेण्याच्या तारखेआधी दहा दिवस मोजणी करा आणि राखीव सगळ्याच औषधांचं १४ दिवसांचं ठेवा. पॉलिक्लिनिकमध्ये एखादं औषध नाही म्हटलं, तर ते त्याच दिवशी बाहेरून घ्यायचं, परताव्याचं पुढे पाहू.

हॉस्पिटलमधून परत येणारा माणूस ही सगळ्यांत घसरडी जागा. डिस्चार्ज बहुधा संध्याकाळी मिळतो, कित्येकदा शनिवारी, आणि सोबत दोन-चार दिवसांचीच औषधं असतात. गाडी निघायच्या आधी डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या फोनवर यायला हवा, आणि तुमच्याकडून केमिस्टला. जुन्या कप्प्यातलं सगळं उचलून "थांबवलेली" असं लिहिलेल्या डब्यात ठेवा. गुरुवारी डॉक्टरांनी नवा तक्ता लिहिला की त्यातलं चालू राहणारं परत येईल. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवलंत, तर रात्रपाळी दोन्ही देणार.

फ्रिजबद्दल थोडक्यात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, मधल्या कप्प्यात. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर मुळीच नको, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. उघडलेली बाटली बहुतेक इन्सुलिनांच्या बाबतीत २८ दिवस चालते, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून महिनाभर, मग अर्धे उरले तरी टाका. म्हणजे थेंबांची मागणी महिन्याला एक बाटली, शिल्लक असो वा नसो. वळवाच्या दिवसांत वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिज उघडायचा नाही एवढं मावशींना सांगून ठेवा, आणि एक साधा थर्मामीटर आत ठेवा.

आता ती दोन खोकी. स्ट्रिपवर ८/२०२६ असेल तर ती ३१ ऑगस्टपर्यंत चालते, पहिल्या तारखेला फेकू नका. स्ट्रिप कापताना मुदत आणि बॅच नंबर छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, हे सिस्टरांना दाखवून द्या. तुमच्या खोक्यांत मुदत न कळणारे दोन-दोन गोळ्यांचे तुकडे नक्की असतील, तेही गेले. हे सगळं मोरीत ओतू नका आणि गावच्या कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. डॉक्टर ज्या रुग्णालयाशी जोडलेले आहेत, तिथे जैववैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी असते. त्यांच्याशी बोलून ठरवा. इन्सुलिनच्या सुया टोचणार नाही अशा जाड डब्यात, त्याच वाटेने.

वारलेल्या माणसाची औषधं दुसऱ्याला द्यायची नाहीत. चांगली आहेत, महाग आहेत, नातेवाईक स्वतः म्हणताहेत "कुणाच्या तरी उपयोगी पडू देत", तरीही. ती मालकी त्यांची होती, चिठ्ठी त्यांची होती, आणि उघडलेल्या कप्प्यात ती कशी ठेवली गेली होती याची खात्री आता कुणी देऊ शकत नाही. पूर्ण स्ट्रिपा केमिस्ट ठरल्याप्रमाणे घेत असेल तर परत करा आणि तेवढी रक्कम शेवटच्या बिलातून वजा करा. बाकीचं मोजून, नातेवाइकांची सही घेऊन, खोक्याच्याच वाटेने. झोपेच्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांचा हिशेब दोन जणांच्या सहीने बंद करा. कर्करोगाच्या पेशंटसाठी रुग्णालयातून मॉर्फिन आलेलं असेल, तर उरलेलं त्याच रुग्णालयात परत न्यायचं.

दिवाळीची यादी वेगळी काढा. त्या महिन्यात मोजणी नेहमीच्या तारखेची वाट न पाहता धनत्रयोदशीच्या किमान पंधरा दिवस आधी करा. तालुक्याचं दुकान एक दिवस बंद असेल, पण त्याच्या मागचा स्टॉकिस्ट आणि ट्रान्सपोर्ट चार-पाच दिवस थंड असतात. मार्च अखेरीलाही स्टॉकिस्ट हिशेबात गुंतलेले असतात, बिलिंग रखडतं. एप्रिलचा माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मागवा. आणि ती पार्किन्सनवाल्या आजोबांची मुलगी: तिला फोन करून नवी पद्धत सांगा, वडिलांचा तक्ता तिच्या फोनवर पाठवा. दर महिन्याला शिल्लक किती ते तिला कळू द्या. ती तुमची सगळ्यांत चोख तपासनीस होईल, आणि तुम्हाला तशी एक हवीच आहे.

सॉफ्टवेअरचं विश्वस्तांना सांगा की सहा महिन्यांनी बोलू. आज ते घेतलं तर चुकीचा तक्ता चकचकीत पडद्यावर दिसेल, एवढाच फरक. तोवर एक लांबोडकी हिशेबवही, प्रत्येकाला दोन पानं, लाल पेन, रबरं आणि ३४ झाकणाचे डबे एवढ्यावर काम चालेल. डबे पारदर्शक घ्या.